डिपॉझिटमधून केलेली अन्यायकारक कपात : भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत्या घरात राहिलेल्या आणि घर सोडताना डिपॉझिट पूर्ण परत न मिळालेल्या भाडेकरूंसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. दुकान, गाळा, पागडीचे घर किंवा जुन्या भाडे नियंत्रण कायद्याखालील वाड्यातील बिऱ्हाड यांचे नियम वेगळे असल्यामुळे ते विषय येथे घेतलेले नाहीत.

डिपॉझिट हे नेमके कोणाचे पैसे असतात?

भाडेकरूचे. घरमालकाकडे ते केवळ हमी म्हणून ठेवलेले असतात आणि बहुतेक नोंदणीकृत करारांत "बिनव्याजी, परतावा असलेली अनामत रक्कम" असेच शब्द वापरलेले असतात. हा मुद्दा प्रथम मनात पक्का करावा, कारण वादाची सारी दिशा त्यावर ठरते. अनेक भाडेकरू डिपॉझिट मागताना उपकार मागितल्यासारखे बोलतात आणि मालकही "बघू, किती देता येतात ते" असे उत्तर देतो. वास्तविक ज्याला कपात करायची आहे त्याने नुकसान झाले आहे, ते भाडेकरूमुळे झाले आहे आणि ते भरून काढण्यास अमुक खर्च येतो, या तिन्ही गोष्टी दाखवून द्यायच्या असतात. आपण काहीही मोडलेले नाही हे सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी भाडेकरूची नसते.

रक्कम किती दिवसांत परत मिळायला हवी?

आधी करार काढून वाचावा. साधारणपणे "घराचा रिकामा व शांततापूर्ण ताबा मिळताच, थकीत देणी वजा करून" अशा अर्थाचे वाक्य त्यात असते; म्हणजे किल्ल्या आणि पैसे यांची देवघेव एकाच वेळी व्हावी अशी अपेक्षा असते. काही करारांत 15 किंवा 30 दिवसांची मुदत दिलेली असते आणि ती दोघांनाही बांधील असते. मुदतच लिहिलेली नसेल, तर ताबा दिल्यानंतर वाजवी काळात रक्कम परत करणे अपेक्षित आहे. शेवटचे वीजबिल येईपर्यंतचा काळ वाजवी म्हणता येईल, परंतु "नवीन भाडेकरू मिळाला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो" हे कारण वाजवी नाही. नवा भाडेकरू मिळणे न मिळणे ही मालकाची अडचण आहे.

कोणत्या कपाती योग्य मानल्या जातात?

थकलेले भाडे, करारानुसार भाडेकरूने भरायचे राहिलेले वीज, पाइप गॅस किंवा पाण्याचे बिल, हरवलेल्या किल्ल्या, करारासोबतच्या यादीतील नाहीशी झालेली वस्तू आणि भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेली मोडतोड. यांतील जे खरोखर आपल्याकडे लागू होते, ते वादाच्या पहिल्याच पत्रात मान्य करून टाकावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. 1,840 रुपयांचे वीजबिल देणे लागत असताना तेही नाकारणाऱ्या भाडेकरूच्या 25,000 रुपयांच्या खऱ्या तक्रारीकडेही पुढे संशयाने पाहिले जाते.

नेहमीची झीज आणि मोडतोड यांत फरक कसा करायचा?

घर नीट वापरले तरी काळाने जे होतेच ती झीज, आणि नीट वापरले असते तर जे झाले नसते ती मोडतोड. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये भाडेपट्टेदाराने जागा घेतली त्या स्थितीत परत करावी असे सांगताना वाजवी झीज स्पष्टपणे वगळली आहे. लिव्ह अँड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसला, तरी अशा करारांच्या मसुद्यांत हाच अपवाद बहुधा जसाच्या तसा उतरवलेला असतो. तो आपल्या करारात आहे का हे जरूर पाहावे.

सोफ्याच्या पाठीमागे भिंतीवर पडलेला मळकट पट्टा, उन्हाने फिका झालेला पडदा, न्हाणीघरातील नळावर साचलेला क्षार, सैल झालेली दाराची कडी, कॅलेंडरच्या दोन-चार खिळ्यांची भोके ही झीज आहे. ओट्याच्या ग्रॅनाइटला गेलेला तडा, गरम कुकर थेट ठेवल्याने जळलेले लॅमिनेट, न विचारता ड्रिल मारून फुटलेली टाइल, तुटलेली खिडकीची काच ही मोडतोड आहे. भिंतीवरची ओल हा सर्वांत जास्त भांडणाचा विषय असतो. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून किंवा पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपून रंगाचे पापुद्रे सुटले असतील, तर तो इमारतीचा दोष आहे आणि त्याचा खर्च भाडेकरूवर टाकणे चूक आहे. मात्र ओल दिसूनही भाडेकरूने मालकाला वेळेवर कळवले नाही आणि त्यामुळे लाकडी कपाट कुजले, तर त्या वाढीव नुकसानीचा काही भाग त्याच्या माथी येऊ शकतो. म्हणून गळती दिसली त्याच दिवशी फोटोसह संदेश पाठवून ठेवावा.

मालक "रंगकामाचे एक महिन्याचे भाडे कापण्याची पद्धत आहे" असे म्हणतो. हे बरोबर आहे का?

पद्धत आहे हे खरे, विशेषतः पुण्याच्या आयटी पट्ट्यात ती सर्रास दिसते. परंतु पद्धत म्हणजे कायदा नव्हे. करारात तसे कलम नसेल, तर केवळ रिवाजाच्या नावाखाली ठोक रक्कम कापण्यास आधार नाही. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्याने दुरुस्त्यांची वाटणी करताना भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचे रंगकाम घरमालकाच्या बाजूला टाकले आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय आदर्श कायदा लागू होत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्या आधारे दावा लावता येणार नाही; तरीही वाजवी काय, यावर बोलताना हा दाखला जरूर द्यावा.

रंगाचा खरा हिशेब कसा करावा हे एका उदाहरणाने पाहू. भाडे 22,000 रुपये, डिपॉझिट 66,000 रुपये, वास्तव्य तीन वर्षांचे आणि घराला रंग भाडेकरू येण्याआधी नुकताच दिलेला. लहान मुलाने एका खोलीच्या एका भिंतीवर तेलकट खडूने रेघोट्या मारल्या आहेत. मालक संपूर्ण घराच्या रंगाचे 28,000 रुपये कापतो. येथे मोडतोड म्हणता येईल अशी ती एकच भिंत आहे आणि रंगारी तिचे 2,500 रुपये सांगत असेल, तर चर्चा 2,500 पासून सुरू व्हायला हवी. शिवाय तो रंग तीन वर्षे वापरलेला आहे. आतल्या भिंतींचा रंग पाच वर्षे टिकतो असे धरले, तर त्याचे तीन पंचमांश आयुष्य भाडे भरतानाच संपले आणि उरलेल्या दोन पंचमांशाचे, म्हणजे 1,000 रुपयांचे नुकसान झाले. भाडेकरूने खळखळ न करता पूर्ण 2,500 रुपये मान्य केले, तरी मालकाच्या आकड्यातील 25,500 रुपये निराधार ठरतात. जुन्या वस्तूच्या बदल्यात नव्या वस्तूची किंमत वसूल करता येत नाही, हे तत्त्व गीझर, गादी, पडदे, शेगडी या सर्वांना लागू पडते.

करारातच "रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे वजा होईल" असे लिहिले आहे आणि मी सही केली आहे. आता काही करता येईल का?

बाजू अवघड होते, संपत मात्र नाही. ते कलम ठरलेले शुल्क म्हणून लिहिले आहे की नुकसान झाल्यास भरपाई म्हणून, हे शब्द तपासून पाहावे. भरपाई किंवा दंड असे स्वरूप असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 74 उपयोगी पडते: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा धरली जाते आणि प्रत्यक्षात तिच्या आतील वाजवी भरपाईच मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हे अधिक स्पष्ट केले, की अनामत रक्कम जप्त करण्यासाठीही नुकसान झालेले असावे लागते आणि जेथे ते सिद्ध करणे शक्य आहे तेथे ते सिद्ध करावे लागते. याउलट "घर सोडताना रंगकामाचे 20,000 रुपये देय राहतील" असे निखळ शुल्क मान्य केलेले असेल, तर त्याविरुद्ध लढण्यात वेळ घालवण्यापेक्षा रंगकाम खरोखर केले का, एवढे विचारून तडजोड करणे शहाणपणाचे आहे.

गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन बंद पडल्याचा खर्च कोणाचा?

वय झाले म्हणून बंद पडले तर मालकाचा, गैरवापराने बिघडले तर भाडेकरूचा. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाच्या पावतीवर बिघाडाचे कारण लिहून घेतले, तर पुढचा वाद बऱ्याचदा तेथेच मिटतो. कोरडा चालवल्याने जळलेली कॉइल आणि आठ वर्षांनी गंजलेली टाकी यांतला फरक तो एका ओळीत लिहू शकतो.

सोसायटीचे शुल्क डिपॉझिटमधून कापता येते का?

सोसायटीचे मासिक देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे ज्याला सोसायटीच्या बिलात नॉन ऑक्युपन्सी चार्जेस म्हणतात ते, ही सारी सभासदाची, अर्थात मालकाची देणी आहेत. हे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, असा राज्य शासनाचा 2001 चा आदेश आहे. तो मालक आणि सोसायटी यांच्यातील विषय आहे. करारात भाडेकरूने ही देणी भरावीत असे स्वच्छ लिहिले असेल तरच ती वजा होऊ शकतात. सामान हलवण्याचे शुल्क सोसायटीने थेट भाडेकरूकडून घेतले असेल, तर त्याची पावती जपून ठेवावी, कारण तीच रक्कम पुन्हा हिशेबात आलेली अनेकदा आढळते.

मी ठरलेल्या मुदतीपूर्वी घर सोडले. मालक संपूर्ण डिपॉझिट ठेवून घेऊ शकतो का?

लॉक-इन काळात, म्हणजे ज्या किमान मुदतीत घर सोडायचे नाही असे करारात ठरलेले असते त्या काळात, घर सोडल्यास उरलेल्या लॉक-इन महिन्यांचे भाडे देय राहील, असे कलम असते. नोटिशीचा एक महिना न दिल्यास त्या महिन्याचे भाडे मागता येते. तेवढी वजावट मालक करू शकतो, परंतु "संपूर्ण डिपॉझिट जप्त" ही भाषा पुन्हा कलम 74 च्या कसोटीला लागते. आपण 10 तारखेला घर सोडले आणि 15 तारखेला तेथे दुसरे कुटुंब राहायला आले असेल, तर मालकाचे नुकसान पाच दिवसांचे झाले आहे. नवे बिऱ्हाड कधी आले याची माहिती शेजारी, सुरक्षा रक्षक किंवा त्याच सदनिकेच्या नव्या नोंदणीकृत करारावरून मिळू शकते.

डिपॉझिट मिळणार नाही अशी शंका आहे. शेवटचे दोन महिने भाडे न देता डिपॉझिटमधून वळते करायला सांगू का?

मालकाने लेखी होकार दिला तर खुशाल करावे. होकार नसताना भाडे थांबवले, तर तोपर्यंत स्वच्छ असलेल्या आपल्या बाजूवर कराराच्या भंगाचा डाग पडतो आणि मालकाला उलट तक्रारीची संधी मिळते. ज्याच्याविषयी आधीच वाईट अनुभव ऐकू आले आहेत अशा मालकाबाबत हा मोह समजण्याजोगा आहे. तरीही घर सोडण्याच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणीचा आग्रह धरणे हा त्याहून बरा उपाय आहे.

पैसे मिळेपर्यंत किल्ल्या दिल्या नाहीत तर?

येथे फार सावध राहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही राहत्या जागेचा ताबा न सोडणाऱ्या परवानाधारकाला, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला, भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे 66,000 रुपयांसाठी अडून बसलेल्या भाडेकरूवर दरमहा 44,000 रुपयांचा बोजा चढू शकतो. अपवाद एकच आहे. डिपॉझिट परत न केल्यास ते मिळेपर्यंत भाडे न देता राहण्याची मुभा देणारे कलम काही करारांत असते. ते असेल तर त्याचे शब्द तंतोतंत पाळून आणि आधी लेखी कळवूनच त्याचा आधार घ्यावा. ते नसेल, तर ताबा द्यावा आणि तो दिल्याचा पुरावा घ्यावा.

घर सोडण्याच्या दिवशी काय करावे?

सामान निघाल्यानंतर, झाडून-पुसून झाल्यावर आणि दिवसाच्या उजेडात सलग एक चित्रफीत काढावी: मुख्य दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, खिडक्यांच्या काचा, ओटा, सिंकखालची जागा, प्रत्येक नळ सुरू-बंद करून, फ्लश ओढून, दिव्यांची बटणे दाबून. महावितरणच्या किंवा अन्य वीज कंपनीच्या मीटरचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यावा. गॅस मीटरचेही तसेच. त्यानंतर मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांच्यासह घर फिरून पाहावे आणि एका साध्या कागदावर ताबा पावती करावी: दिनांक, वेळ, मीटरचे आकडे, दिलेल्या किल्ल्यांची संख्या, त्यात पत्रपेटीची आणि गच्चीच्या दाराची किल्लीसुद्धा, पार्किंगचे स्टिकर, फर्निचरच्या यादीवर खुणा आणि "घर सुस्थितीत मिळाले" किंवा ज्या त्रुटी दिसल्या त्या नेमक्या शब्दांत. दोघांच्या सह्या घ्याव्यात. मालक सही करायला कचरत असेल, तर तोच मजकूर त्याच संध्याकाळी त्याला ई-मेल आणि व्हॉट्सॲपवर पाठवावा. आक्षेप असल्यास तीन दिवसांत कळवावे असेही लिहावे. त्या वेळचे मौन पुढे निर्णायक नसले तरी बोलके ठरते.

घरात शिरताना फोटो काढले नव्हते. मग माझी बाजू संपली का?

नाही. घर दाखवताना एजंटने पाठवलेले फोटो, जाहिरातीतील छायाचित्रे, गृहप्रवेशाच्या किंवा मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोंतील मागची भिंत, पहिल्या महिन्यात पाठवलेले "नळ गळतो आहे" असे संदेश, हे सारे पुरावे आहेत. जेथे अशा फोटोत तोच तडा, तीच ओल दिसते, तेथे वाद फारसा उरत नाही. मूळ फाइल त्या फोनमध्ये तशीच ठेवावी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंदी सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते देणे सोपे जाते.

आमचा करार नोंदवलेलाच नव्हता. मला काही हक्क आहेत का?

आहेत आणि येथे कायदा भाडेकरूच्या बाजूला झुकलेला आहे. 1999 च्या अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या तरतुदीचा धमकीसारखा वापर करू नये. पत्रात तिचा शांतपणे उल्लेख करणे पुरेसे असते. डिपॉझिट रोखीने दिले असेल, तर रक्कम दिल्याचे मात्र दाखवावे लागेल: बँकेतून काढलेली रक्कम, पावती, एजंटचा संदेश, किंवा "डिपॉझिट मिळाले" असा मालकाचा कोणताही लेखी शब्द.

पहिले पत्र कसे लिहावे?

संतापाचा एकही शब्द न घालता आणि आकड्यांवर बोट ठेवून. पुढील मजकूर आपल्या तपशिलांसह वापरता येईल.

"सप्रेम नमस्कार. आपल्या सदनिकेचा ताबा मी दि. 31 मे रोजी आपणास दिला असून ताबा पावती सोबत जोडली आहे. करारातील कलम 6 नुसार 66,000 रुपये अनामत रक्कम ताबा मिळताच परत करावयाची होती. आपण 28,500 रुपये जमा केले व 37,500 रुपये कापल्याचे फोनवर सांगितले. त्यांपैकी वीजबिलाचे 1,840 रुपये आणि एका भिंतीच्या रंगाचे 2,500 रुपये मला मान्य आहेत. उरलेल्या 33,160 रुपयांच्या प्रत्येक कपातीचे कारण, फोटो व पक्के बिल कृपया या पत्रापासून 15 दिवसांत पाठवावे, अथवा ही रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. तसे न झाल्यास थकीत रकमेवर या पत्राच्या दिनांकापासून व्याजासह वसुलीची कारवाई करणे मला भाग पडेल."

व्याजाचे वाक्य गाळू नये. व्याज अधिनियम, 1978 प्रमाणे, व्याज मागणार असल्याची लेखी सूचना दिली असेल तर त्या सूचनेच्या तारखेपासून व्याज देण्याचा विचार न्यायालय करू शकते. पत्र ई-मेलने पाठवावे आणि कागदावर सही करून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, करारातील पत्त्यावरही धाडावे. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आले, तर ते न फोडता तसेच जपून ठेवावे.

बिले आल्यावर ती बारकाईने पाहावीत. कोऱ्या पॅडवर एका ओळीत "रंग व सफाई 30,000" असे लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे. त्यावर कारागिराचे नाव, तारीख, कोणत्या खोलीचे किती चौरस फूट काम आणि पैसे कसे दिले याचा उल्लेख हवा. काम झालेलेच नसेल आणि केवळ अंदाजपत्रक पाठवले असेल, तर तेही स्पष्ट विचारावे.

मालक अर्धी रक्कम देतो आहे. घेतली तर उरलेला हक्क जातो का?

"पूर्ण व अंतिम हिशेब मान्य" अशा कागदावर सही केली तर जातो, एरवी जात नाही. रक्कम खात्यात आली की त्याच दिवशी "ही अंशतः परतफेड म्हणून, उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारली आहे" एवढे लिहून पाठवावे.

वकिलामार्फत नोटीस पाठवणे सक्तीचे आहे का?

खासगी व्यक्तीविरुद्धच्या पैशाच्या दाव्यासाठी नाही. तरीही आपल्या पत्राला उत्तर न देणारा मालक वकिलाच्या नोटिशीनंतर बोलायला तयार होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि रक्कम एक-दीड महिन्याच्या भाड्याहून मोठी असल्यास तो खर्च सार्थकी लागतो.

पोलीस ठाण्यात तक्रार करावी का?

हिशेबाचा वाद दिवाणी स्वरूपाचा आहे. पोलीस पैसे वसूल करून देऊ शकत नाहीत आणि फसवणुकीचा गुन्हा ठरण्यासाठी पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. एकच घर दाखवून चौघांकडून डिपॉझिट घेणे, दुसऱ्याच्या घराचा मालक असल्याची बतावणी करणे, भाडेकरूचे सामान कोंडून ठेवणे, कुलूप बदलणे, धमकावणे असे काही घडले असेल, तर तत्काळ पोलिसांकडे जावे आणि तक्रारीची पोच घ्यावी.

ग्राहक आयोगाकडे जाता येईल का?

घर भाड्याने देणारी व्यक्ती आणि भाडेकरू यांच्यातील वाद साधारणपणे ग्राहक वाद मानला जात नाही. जेवण, साफसफाई, वायफाय अशा सेवांसह पीजी किंवा सहनिवास चालवणारी कंपनी डिपॉझिट अडवत असेल, तर सेवेतील त्रुटी म्हणून तक्रार मांडण्यास जागा आहे.

मग दाद कोठे मागायची?

लहान रकमेसाठी आमचा पहिला कल लोकअदालतीकडे आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे, दावा दाखल होण्यापूर्वीच अर्ज करता येतो; न्यायालयीन शुल्क लागत नाही, समोरच्याला बोलावणे जाते आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील होत नाही. अडचण एवढीच, की मालक आलाच नाही किंवा नाही म्हणाला, तर लोकअदालत त्याच्यावर निर्णय लादू शकत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 आहे.

तेथे न जमल्यास पैशाच्या वसुलीचा दावा करावा लागतो. लेखी करारातील ठरलेली रक्कम येणे असल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खालील समरी दाव्याचा पर्याय वकिलाशी जरूर बोलावा. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठीच आधी परवानगी घ्यावी लागते आणि नुसते "घर खराब केले" असे मोघम म्हणून भागत नाही. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी लघुवाद न्यायालय की दिवाणी न्यायालय, हे रक्कम आणि दाव्याची मांडणी पाहून ठरते, म्हणून ही निवड वकिलाच्या सल्ल्यानेच करावी. दाव्याला वेळ लागतो हे लपवण्यात अर्थ नाही. पाच-सात हजारांसाठी तो करावा असे आम्ही सुचवणार नाही. 50,000 किंवा लाखाच्या घरातील रक्कम सोडून द्यावी असेही सुचवणार नाही.

दाव्यासाठी मुदत किती?

रक्कम देय झाली आणि दिली गेली नाही, त्या दिवसापासून साधारण तीन वर्षे. नोटीस पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी मालकाने सहीनिशी देणे मान्य केले, तर मात्र त्या तारखेपासून नव्याने मोजणी होते. "पुढच्या महिन्यात नक्की" या तोंडी आश्वासनांवर वर्षे घालवू नयेत.

आम्ही चौघे मित्र एकत्र राहत होतो. मागणी कोणी करायची?

करारात ज्यांची नावे आहेत त्या सर्वांनी मिळून, आणि रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची हे एका पत्रात लिहून. मध्येच एक जण निघून गेला, त्याने आपला वाटा नव्या मुलाकडून घेतला आणि करार मात्र जुनाच राहिला, असे विद्यार्थ्यांच्या घरांत नेहमी घडते. अशा वेळी बाहेर पडलेल्याने "माझा वाटा अमुक यांच्याकडून मिळाला, मालकाकडे माझे येणे नाही" असे लिहून दिल्यास मालकाची पळवाट बंद होते.

घर विकले गेले, मालक वारले किंवा ते परदेशात असतात. आता कोणाला विचारायचे?

घर विकले जात असताना आपण तेथे राहत असाल, तर डिपॉझिट नव्या मालकाकडे वर्ग झाल्याचे तिघांच्या सह्यांचे पत्र घ्यावे. ते नसेल तर ज्याने पैसे घेतले त्याच्यावरील मागणी सोडू नये आणि नोटीस दोघांनाही द्यावी. मालकाचे निधन झाल्यास त्याच्या मिळकतीतून मिळालेल्या हिश्श्यापुरते वारस देणे लागतात. मालक अमेरिकेत किंवा आखाती देशात आणि व्यवहार त्याच्या आई-वडिलांकडे किंवा मेहुण्याकडे, हे पुण्यात अगदी रोजचे चित्र आहे. अशा वेळी करारावर कुलमुखत्यारपत्राने कोणी सही केली ते पाहावे, पत्र मालक व मुखत्यार दोघांच्या नावे पाठवावे आणि मालकाच्या ई-मेलवरही धाडावे. वडीलधाऱ्यांशी सौजन्यानेच बोलावे, परंतु "मुलगा आला की बघू" हे उत्तर लेखी मागणी पुढे ढकलण्यास पुरेसे नाही.

दावा जिंकूनही मालकाने पैसे दिले नाहीत तर?

हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी त्याच न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागते, आणि त्यासाठी 12 वर्षांची मुदत आहे. बहुतेक ऋणको आपली मालमत्ता दडवू पाहतात. येथे मात्र मालकाच्या सदनिकेचा पूर्ण पत्ता आपल्या नोंदणीकृत करारातच छापलेला असतो, आणि ज्या खात्यात दरमहा भाडे भरले त्याचा क्रमांकही आपल्या बँकेच्या नोंदीत असतो. सदनिकेवर किंवा बँक खात्यावर जप्तीचा अर्ज करता येतो, तसेच त्या घरातील नव्या भाडेकरूकडून मालकाला देय झालेले भाडे परस्पर न्यायालयात जमा करण्याचा आदेशही मागता येतो.